भुलाबाईच्या अंगणात मिसेस लॉसन

वऱ्हाडात पाहण्यासारखं आहे तरी काय, हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला, आणि गंमत म्हणजे त्याच प्रश्नावर माझं पोट चाललं. परदेशी पाहुण्यांना आपला मुलूख दाखवणं हा माझा धंदा. साहेबलोक मला गाईड म्हणत, कचेरीतली मंडळी दुभाषा म्हणत. माझ्या वडलांचा अमरावतीत राजापेठेपलीकडे भाजीचा आणि फुलांचा मळा होता. त्यांना हा धंदा शेवटपर्यंत पटला नाही. कोणी विचारलं तर सांगत, "आमचा नारायण गोऱ्यायले रस्ता दाखवते. अन् ते तर अर्धी दुनिया पार करून इथवर आले! मंग रस्ता कोनाले ठाऊक हाये, सांगा बरं!"

तो काळ सी. पी. अँड बेरारचा. पाहुणा गाडीतून उतरला की पहिल्यांदा विचारी, हा प्रदेश कोणाचा? त्याचं उत्तर देणं म्हणजे परीक्षाच. कागदावर मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, सरकार बसतं नागपुरात, आणि पिकतो तो कापूस जातो विलायतेला. एका जर्मन गृहस्थाला हे समजावायला मी मूर्तिजापूरला सुरुवात केली, अकोला आलं तरी त्याच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. शेवटी मी त्याला म्हटलं, "माती काळी आहे, एवढं नक्की. बाकीचं आमच्यापैकीही सगळ्यांना कळलेलं नाही." हे मात्र त्याला एकदम पटलं.

बाहेरच्यांना वाटतं, गाईडला इतिहास पाठ असला की झालं. इतिहास सगळ्यात शेवटी. आधी सावली, मग उकळलेलं पाणी, मग बसायला जागा. पाहुण्याचं डोकं तापलं की ताजमहालही त्याला चुन्याची भट्टी दिसतो. त्यानंतर येतं भाषांतर, आणि खरं कसब तिथं लागतं. एका म्हाताऱ्या इंग्रज साहेबानं बाळापूरच्या पाटलाला भर बैठकीत विचारलं, तुम्हाला बायका किती? मी म्हटलं, "साहेब विचारतात, घरची मंडळी खुशाल आहेत ना?" पाटील खूश झाले. त्यांनी उलट विचारलं, "या वयात हा बुढा उन्हातानात काहून हिंडून राहिला? घरी पोरं पाहात नाहीत का?" मी साहेबाला सांगितलं, "या वयातल्या तुमच्या हिमतीचं त्यांना नवल वाटतं." साहेबानं उठून पाटलांचा हात हातात घेतला. दोघं एकमेकांना आयुष्यभर चांगलंच म्हणत राहिले असतील. माझ्या मते हे खोटं बोलणं नव्हे. दोन घरांची सोयरीक जुळवणारा माणूस जे करतो तेच मी करत होतो.

पण सगळ्या कसबाला एक मोठी अडचण होती. मेलगाडी मुंबईहून सुटायची, तिच्यातली माणसं नाशिकला जागी व्हायची, अजिंठ्यासाठी जळगावला उतरायची, आणि पुढं एकदम नागपूर, कलकत्ता. मधलं वऱ्हाड ती झोपेत ओलांडायची. मुंबईच्या ज्या प्रवास कंपनीत मी होतो तिनं माझ्या हट्टापायी इथला एक मुक्काम ठेवला होता. मॅनेजरसाहेब दरवर्षी कुरकुरायचे. एका वर्षी त्यांनी स्पष्टच सांगितलं, "नारायणराव, तुमच्याकडे आहे काय? कापूस आणि धूळ. कापूस या लोकांनी गिरणीत पाहिलेला असतो, आणि धूळ पाहायला कोणी बोटीचं तिकीट काढत नाही."

त्याच वर्षी मिसेस लॉसन येणार होती. ही अमेरिकन विधवा दर हिवाळ्यात आपल्या देशातल्या हौशी माणसांचा मोठा तांडा घेऊन हिंदुस्थानात यायची. कुठं उतरायचं, कुठं नाही, हे ती स्वतः आधी येऊन ठरवायची. तिनं वऱ्हाड गाळलं तर कंपनी आमचा मुक्काम बंद करणार होती, आणि मला मुंबईच्या कचेरीत तिकिटं फाडत बसावं लागणार होतं. नोकरीची काळजी होतीच, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त खुपत होतं ते हे, की माझ्या मुलखाला कोणी येऊन पाहावं आणि "काही नाही" म्हणून निघून जावं.

अश्विनातली पुनव दोन दिवसांवर आली होती. ज्वारी कणसात आली होती, कापसाची बोंडं नुकती फुटायला लागली होती. मिसेस लॉसन अकोल्याला उतरली. उंच, हाडापेरानं मोठी, डोक्यावर टोपलीएवढी हॅट, आणि बोलणं अगदी मोजकं. मोटारीनं तिला बाळापूरला नेलं. किल्ला दाखवला, नदीकाठची दगडी छत्री दाखवली. माझं व्याख्यान तयार होतं. बुरुजापाशी आवाज चढवायचा, छत्रीपाशी खाली आणायचा, असं सगळं बसवलेलं होतं. मी बोलत होतो आणि बाई नदीवर धुणं धुणाऱ्या बायांकडे पाहत होती.

"त्या काय बोलताहेत?" तिनं मध्येच विचारलं.

"घरगुती आहे, बाईसाहेब. विशेष काही नाही," असं म्हणून मी पुन्हा किल्ल्याकडे वळलो. परतताना मोटारीत तिला डुलकी लागली. माझ्या व्याख्यानानं आजवर कोणाला झोप आली नव्हती, निदान माझ्यासमोर तरी.

आता सगळी मदार दुसऱ्या दिवसावर होती. चांदूर रेल्वेजवळच्या एका गावी माझे मामा पाटील होते. तिथं बाईला शेतात न्यायचं, बाभळीखाली बसवायचं, आणि गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असं आपलं साधं जेवण द्यायचं, असा माझा बेत होता. रोडगा म्हणजे गव्हाच्या जाडसर कणकेचा गोळा. आरातून काढून राख झटकून फोडला आणि वर तुपाची धार सोडली की तोंडात शब्द राहत नाही. संध्याकाळच्या गाडीनं बाई चांदूरहून नागपूरला जाणार होती. मी मामांना आधीच निरोप धाडला होता की पाहुणी येते आहे, फार काही करू नका, नेहमीचंच ठेवा.

वऱ्हाडी पाटलाला "फार काही करू नका" म्हणणं म्हणजे पेटत्या गवतावर फुंकर घालणं. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

गावाच्या वेशीवर पोचतो तर लग्नातला बँड उभा. बाईची हॅट दिसताच त्यांनी जे वाजवलं ते राजाचं गीत असावं असा माझा अंदाज आहे, कारण मामा टोपी काढून ताठ उभे राहिले. गावातली गुरं पार नाल्यापलीकडे हाकलली होती. बायांना आत बसायची ताकीद होती. ओट्यावर टेबल, टेबलावर पलंगपोस, आणि त्यावर काटे-चमचे. डाक बंगल्याचा खानसामा मामांनी कुठून कसा पळवून आणला देव जाणे, पण तो पांढऱ्या कोटात उभा होता आणि त्यानं कटलेट केले होते.

मी मामांना बाजूला ओढलं. "मामा, हे काय केलं? मी रोडग्यांचं सांगितलं होतं ना?"

"नारू, तुले काही समजते का?" मामांनी मलाच दटावलं. "सात समुद्रापारून बाई आली अन् तिले मी राखेतले रोडगे खाऊ घालू? गावाची इज्जत जाईन ना! तुह्या मामीनं केले हायेत रोडगे, मागं, मजुरायसाठी. पाहुनीले कटलेट."

"पण तिला तेच तर दाखवायचं होतं!"

"इज्जत अगुदर, बाप्पा. दाखवनं मंग."

बाईनं कटलेट कापला, एक घास खाल्ला आणि काटा खाली ठेवला. मुंबईच्या हॉटेलात, आगगाडीच्या डब्यात, अकोल्याच्या बंगल्यावर ती हाच कटलेट खात आली होती. तिचा चेहरा सभ्य होता, पण त्यावर सगळं लिहिलेलं होतं. मामांनी स्वागताचं भाषण केलं, त्यांच्यामागून शाळेच्या मास्तरांनी केलं. दोन्हींचं मी भाषांतर केलं, आणि करताना मनात एकच येत होतं की संपलं, वऱ्हाड संपलं. सूर्य कलला. बाईनं घड्याळ पाहिलं आणि मोटार काढायला सांगितलं.

तेवढ्यात घरामागून गाण्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी होती. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली भुलाबाई मांडतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, माहेरी आलेली. तिची मातीची मूर्ती, शेजारी भुलोबा म्हणजे शंकर, आणि दिवेलागणीला आळीतल्या पोरी जमून गाणी म्हणतात. मामांनी बायांना आत बसवलं होतं, पण पोरींना महिनाभराचा नेम मोडायला कोण सांगणार? त्या मागच्या अंगणात जमल्या होत्या.

मिसेस लॉसन थबकली. "हे काय आहे?"

मी विचारलं तसं मामा हात झटकून म्हणाले, "काही नाही, पोट्ट्यायचा खेळ हाये. तिले म्हना, तिकडे चिखल हाये."

मी तोंड उघडायच्या आत बाई ओट्यावरून उतरून घराला वळसा घालून निघाली होती. मी मागं, माझ्यामागं मामा, मामांमागं खानसामा.

मागचं अंगण शेणानं सारवलेलं. कोपऱ्यात ज्वारीच्या कणसांसकट उभ्या धांड्यांचा छोटा मांडव, त्याखाली भुलाबाई, पुढं पणती. दहा-बारा पोरी बसल्या होत्या. हॅट दिसल्यावर गाणं क्षणभर थांबलं. मामांची नात सुभी सात-आठ वर्षांची असेल, पण त्या आळीची कोतवालीण तीच. तिनं बाईकडे एकवार पाहिलं, मांडी थोडी सरकवून जागा केली आणि गाणं पुन्हा उचललं. मिसेस लॉसन आपली एवढी मोठी काया सावरत जमिनीवर बसली.

गाणी संपली की खिरापत. हा आमच्या भुलाबाईचा खरा रंग. ज्या घरची पाळी, त्या घरानं खाऊ करायचा, तो झाकणाच्या डब्यात घालायचा आणि डबा वाजवून दाखवायचा. काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय कोणाला मिळत नाही. त्या दिवशी पाळी सुभीची होती. तिनं पितळी डबा हलवला आणि थेट मिसेस लॉसनपुढे धरला.

"ओळख म्हना तिले!"

मी लगेच सुरू झालो. म्हटलं, "बाईसाहेब, ही आमच्याकडची एक प्राचीन प्रथा असून..."

"काका, तुमी चूप बसा!" सुभी कडाडली. "सांगाचं नाही. तिलेच ओळखू द्या. नाही त खिरापत बाद!"

माझ्या धंद्यात पहिल्यांदाच मला कोणी गप्प केलं होतं, आणि तेही परकर नेसलेल्या पोरीनं. बाईला तेवढंच सांगितलं की आत काय आहे ते ओळखायचंय, आणि मला सांगायची बंदी आहे.

बाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बाळापूरला, अकोल्याला कुठंच पाहिलं नव्हतं. मुंबईला बोटीतून उतरल्यापासून प्रत्येकानं तिला काही ना काही सांगितलं होतं. तिला विचारलं कोणीच नव्हतं. तिनं हॅट काढून बाजूला ठेवली, डबा कानाशी नेला आणि हलवला.

"अक्रोड?" तिनं विचारलं. मी पोरींना सांगितलं. पोरी खदखदून हसल्या.

"वाटाणे? बिस्किटं? साखरेच्या गोळ्या?" प्रत्येकाला नकार. मग तिनं विचारलं, गोड की तिखट? सुभी म्हणाली, "गोड नाही, तिखटबी नाही." मोटारवाला येऊन गाडीची वेळ होत असल्याचं सांगून गेला. बाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पुन्हा डबा हलवला. आवाज जवळजवळ नव्हताच, नुसती सळसळ. तिनं डबा तळहातावर तोलला. भरलेला होता आणि तरी हलका होता.

एकाएकी तिचे डोळे मोठे झाले आणि ती एक शब्द ओरडली, "पॉपकॉर्न!"

हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मी गोंधळून तिच्याकडे पाहिलं. मग ती हातानं सांगू लागली. चूल, चुलीवर कढई, तिच्यात दाणे, आणि मग मूठ एकदम उघडून "पट! पट! पट!" माझ्या डोक्यात प्रकाश पडायच्या आत सुभी उडी मारून उठली.

"लाह्या! लाह्या म्हनून राहिली ते! ओळखल्या, बाप्पा, ओळखल्या!"

सगळ्या पोरींनी गिल्ला केला. आतून मामी आणि आळीतल्या बाया पदर सावरत दारात आल्या. मामांची ताकीद तिथंच संपली. पण सुभीचा न्याय कडक होता. तिनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "कायच्या लाह्या? ते सांगाव लागते. नाही त अर्धीच ओळखली."

मी बाईला सांगितलं, की धान्याचं नाव पाहिजे. ती म्हणाली, आमच्याकडे मक्याच्या असतात. पोरींनी माना हलवल्या. बाईनं इकडंतिकडं पाहिलं, चुलीकडं, भिंतीकडं, आमच्या तोंडांकडं. मला ठाऊक होतं, आणि ओठ शिवून बसणं किती कठीण असतं हे त्या क्षणी कळलं. माझा मुक्काम, माझी नोकरी सगळं त्या डब्यात बंद होतं, आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. मग बाईची नजर भुलाबाईच्या मांडवावर गेली. ती गुडघ्यांवर सरकत पुढं झाली, धांड्यावर लवलेलं ज्वारीचं कणीस तिनं बोटांत धरलं, त्यातले दाणे निरखले, आणि वळून सुभीकडे पाहिलं.

सुभीनं डब्याचं झाकण उघडलं. पांढऱ्याशुभ्र ज्वारीच्या लाह्या. पहिली मूठ तिनं मिसेस लॉसनच्या ओंजळीत घातली.

मी तर सांगतो, त्या मुठीइतका आनंद मला नंतर कशानंही झाला नाही. बाई लाह्या खात होती आणि एकीकडे डोळे पुसत होती. तिच्या बापाची मक्याची शेती होती, हिवाळ्यात चुलीपाशी बसून ती भावंडांबरोबर हेच खायची, असं तिनं मला सांगितलं. मी ते मामीला सांगितलं. मामी म्हणाली, "म्हंजे हेबी शेतकऱ्याचीच पोरगी! मंग तिले ओट्यावर काहून बसवलं होतं? आन इकडं." आणि मजुरांसाठी केलेले रोडगे पाटावर आले. काटे-चमचे ओट्यावरच राहिले. बाईनं रोडगा हातानं फोडला, तूप मनगटापर्यंत ओघळलं. बायांनी तिला विचारलं, नवरा कधी गेला, मुलं किती, एकटी कशी हिंडतेस. मी काही झाकलं नाही, काही सावरलं नाही, जसं आलं तसं सांगत गेलो. तीही तसंच उत्तर देत गेली. नागपूरची गाडी शिट्टी देऊन निघून गेली ती आम्हाला रोडगे खाताना ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदूरच्या फलाटावर मिसेस लॉसननं आपला निकाल दिला. "तुमचा मुक्काम राहील. एकाऐवजी दोन दिवस. पण मिस्टर नारायण, अर्धं बोलायचं."

मी ते मनापासून पाळलं. भुलाबाई काही वर्षभर नसते, पण प्रत्येक महिन्याचं आपलं काही असतंच. कार्तिकात पाहुण्यांच्या कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला लावला. पौषात हुरडा त्यांच्या तळहातावर चोळायला दिला, आणि हात भाजल्यावर ते नाचले तेव्हा शेतकरी पोट धरधरून हसले. माझं काम जागेवर नेऊन सोडायचं आणि कोणी विचारलं तरच तोंड उघडायचं. पुढं महायुद्ध पेटलं, जहाजं बंद झाली, कंपनीही गुंडाळली गेली. हा धंदा माझ्यामागं कोणी चालवला नाही, याची खंत आहे. आज अमरावतीत मोठमोठी हॉटेलं होताहेत आणि त्यांत म्हणे कटलेट मिळतो.

पण मिसेस लॉसननं शब्द पाळला, ते सांगून थांबतो. पुढच्या अश्विनात तिच्या तांड्यासाठी एक अख्खा डबा राखीव होता. चांदूरला गाडी थांबली तसा मी पुढं झालो. आधी मिसेस लॉसन उतरली, मग एक साहेब, मग दोन बाया, मग काठी टेकत एक म्हातारा, मग त्याची बायको, आणि दारातून हॅटी बाहेर येतच राहिल्या. फलाट भरला तरी येतच होत्या. स्टेशनमास्तर कचेरीतून धावत आले. त्यांच्या अख्ख्या नोकरीत चांदूरला इतकी गोरी माणसं उतरलेली नसावीत.

"काय झालं हो?" त्यांनी घाबरून मला विचारलं. "इंजन बिघडलं का?"

"नाही, मास्तरसाहेब," मी म्हटलं. "वऱ्हाड पाहायला आलेत."